नॉर्टन, अव्हास्ट, एव्हीजी, अविरा एकाच मालकाचे कसे झाले, आणि पतसंस्थेने ३ वर्षांचं लायसन्स घ्यावं का

सावंतवाडीकडच्या एका पतसंस्थेत कॉम्प्युटरचं सगळं बघणाऱ्या एका दादांचा प्रश्न आहे. हेड ऑफिसच्या मशीनवर फ्री अव्हास्ट, शाखांमध्ये फ्री एव्हीजी, चेअरमनसाहेबांच्या लॅपटॉपवर नॉर्टन, असं मुद्दाम वेगवेगळं ठेवलंय म्हणे, एकाकडून सुटलं तर दुसरा पकडेल या हिशोबाने. आता कोणीतरी सांगितलं की हे सगळं एकाच कंपनीचं आहे. तर हे खरं का, एकच कंपनी इतक्या जणांना विकत घेऊन एवढी मोठी कशी झाली, आणि डीलर ३ वर्षांचं लायसन्स घ्या म्हणून मागे लागलाय ते घ्यावं का.

मी कुडाळला बसतो. पतसंस्था, हॉटेलं, काजू फॅक्टऱ्या, एकदोन कॉलेजं यांची मशीन आणि फायरवॉल (नेटवरून आतबाहेर काय जातं त्यावर पहारा ठेवणारा डबा) सांभाळणं हाच धंदा आहे, त्यामुळे कंपनी विकली गेली की पहिला फोन मलाच येतो, "हो आता कोणाचो झालो?" म्हणून. जरा लांबण लागेल पण एकदा नीट लिहूनच टाकतो.

आधी सरळ उत्तर. हो, खरं आहे. अव्हास्टने २०१६ मध्ये एव्हीजी घेतली, १.३ अब्ज डॉलरला. दोन्ही मूळच्या चेक देशातल्या, एक प्रागची एक ब्रनोची, आणि त्यानंतर दोन्हींचं आतलं इंजिन, म्हणजे व्हायरस ओळखणारा भाग, एकच झालं, वर नाव आणि रंग वेगळा एवढंच. अविरा जर्मनीची, ती जानेवारी २०२१ मध्ये ३६ कोटी डॉलरला नॉर्टनवाल्यांकडे गेली. आणि सप्टेंबर २०२२ मध्ये नॉर्टनवाल्यांनी अख्खी अव्हास्टच घेतली, ८ अब्ज डॉलरच्या वर मोजून, आणि त्याच नोव्हेंबरात कंपनीचं नाव बदलून जेन डिजिटल केलं. म्हणजे हेड ऑफिसच्या अव्हास्टकडून जे सुटेल ते शाखेच्या एव्हीजीकडूनही सुटणारच, तो तुमचा दुहेरी बंदोबस्त कागदावरच आहे. वर फ्री अव्हास्ट आणि फ्री एव्हीजी हे घरगुती वापरासाठी असतं, संस्थेच्या मशीनवर ते लायसन्सच्या अटीत बसत नाही, ऑडिटरने कधी विचारलं तर उत्तर काय देणार ते बघा.

आता ते मोठे कसे झाले. हे समजायला नॉर्टनच्या मागची जी कंपनी होती, सिमँटेक, तिची गोष्ट बघायला लागते, कारण या धंद्यात खरेदी करून वाढायचं म्हणजे नेमकं काय करायचं आणि काय करायचं नाही हे दोन्ही तिच्याकडे बघून कळतं.

गंमत म्हणजे ही सिक्युरिटीची कंपनी नव्हतीच. १९८२ मध्ये गॅरी हेंड्रिक्स नावाच्या माणसाने सुरू केली ती आर्टिफिशियल इंटेलिजन्ससाठी, म्हणजे आज ज्याच्या नावाने सगळे नाचतायत त्याच विषयात, कॉम्प्युटरला साध्या इंग्रजीत प्रश्न विचारायचे आणि त्याने डेटाबेसमधून उत्तर द्यायचं असं काहीतरी. ते काय फार चाललं नाही, १९८४ मध्ये गॉर्डन युबँक्स यांच्या सी अँड ई नावाच्या छोट्या कंपनीशी जोडणी झाली आणि पुढे युबँक्सच कारभारी झाले. १९८९ मध्ये शेअर बाजारात आली, हातात पैसे आणि शेअर दोन्ही आले, आणि मग खरेदी सुरू झाली. १९९० मध्ये पीटर नॉर्टन यांची कंपनी घेतली. नॉर्टन युटिलिटीज तेव्हा डॉसवाल्यांचं (डॉस म्हणजे विंडोजच्या आधीची सिस्टिम) दैवत होतं, चुकून डिलीट केलेली फाईल परत आणून देणारा माणूस म्हणून नॉर्टनचं नाव झालेलं, डब्यावर त्यांचा हाताची घडी घातलेला फोटो असायचा. याच नॉर्टनसाहेबांनी १९८८ च्या सुमारास व्हायरस ही निव्वळ अफवा आहे, न्यूयॉर्कच्या गटारात मगरी आहेत म्हणतात तशी, असं म्हटल्याचं छापून आलेलं आहे! आणि १९९१ मध्ये त्यांच्याच नावाने नॉर्टन अँटिव्हायरस बाजारात आलं. म्हणजे अँटिव्हायरस विकत घेतलं नव्हतं, लोकांचा ज्याच्यावर विश्वास आहे असं नाव विकत घेतलं होतं आणि माल नंतर त्या नावाखाली भरला. तुमच्या चेअरमनसाहेबांनी नॉर्टन का घेतलं विचारा, "नाव ऐकलेलं होतं" हेच सांगतील.

पुढची खरेदी वेगळ्या जातीची. १९९४ मध्ये सेंट्रल पॉईंट घेतली. ही थेट स्पर्धक, पीसी टूल्सवाली, मायक्रोसॉफ्टने डॉस ६ बरोबर जे अँटिव्हायरस दिलं होतं ते हिच्याकडूनच घेतलेलं. सिमँटेकला तिच्या सॉफ्टवेअरची गरज काय होती? काहीच नाही, स्वतःचं होतंच की. १९९८ मध्ये इंटेलचा अँटिव्हायरसचा धंदा घेतला, त्याच वर्षी आयबीएमचाही अँटिव्हायरसचा व्यवहार सिमँटेककडे आला आणि आयबीएमची गिऱ्हाइकं नॉर्टनवर सरकवली. या सगळ्यात विकत काय घेतलं तर गिऱ्हाइकांची यादी. आपल्याकडे आंब्याची बाग करारावर घेणारा व्यापारी घर किती मोठं, विहीर किती खोल हे बघत नाही, लागती कलमं मोजतो आणि भाव ठरवतो, अगदी तसंच हे आहे, दरवर्षी रिन्यूअल करणारी माणसं म्हणजे लागती कलमं.

हे माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं आहे म्हणून जरा थांबून सांगतो. अँटिव्हायरसच्या धंद्यात पहिल्या वर्षी कंपनीला फारसं काही उरत नाही. जाहिरात करा, डीलरला कमिशन द्या, नवीन लॅपटॉपमध्ये आधीच टाकून मिळावं म्हणून लॅपटॉपवाल्याला पैसे द्या, वर डब्बा सवलतीत विका. आमच्या दुकानातसुद्धा पहिल्या वर्षीच्या डब्यात मिळतं ते इन्स्टॉल करायला जाऊन येण्याच्या पेट्रोलमध्ये जातं. खरा पैसा दुसऱ्या वर्षापासून, जेव्हा गिऱ्हाईक काही न विचारता रिन्यू करतं. आणि व्हायरस ओळखणारी लॅब, रोजची अपडेट, सर्व्हर हा खर्च १ कोटी गिऱ्हाइकांना लागतो त्याच्या दुप्पट काही २ कोटींना लागत नाही. मग शेजारच्या कंपनीची गिऱ्हाइकं घ्यायची, तिची लॅब आपल्यात मिसळायची, डबल झालेली माणसं कमी करायची, दोन नावं चालू ठेवायची, की वरचा सगळा नफा. नवीन गिऱ्हाईक एकेक करून शोधण्यापेक्षा हे स्वस्त पडतं. जेन डिजिटल झाली तेव्हा ५० कोटींहून जास्त युजर असं त्यांनी सांगितलं, त्यातले बहुतेक फुकट वापरणारे. पैसे भरणारे त्यातले थोडेच, पण त्या फुकट्यांमधले शंभरात एकदोन जरी दरवर्षी पैसे भरायला लागले तरी जाहिरातीशिवाय मिळालेलं गिऱ्हाईक आहे ते. फ्री अव्हास्ट सारखं सारखं कोपऱ्यात पॉपअप का दाखवतं हे आता कळलं असेल.

यादी विकली जाते म्हणजे कशी ते बघायचं असेल तर सप्टेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत काय झालं ते बघा. तिथल्या सरकारने कॅस्परस्की या रशियन अँटिव्हायरसवर बंदी घातली, तर कॅस्परस्कीने तिथली गिऱ्हाइकं पँगो नावाच्या कंपनीला दिली आणि लोकांच्या मशीनवर कॅस्परस्की जाऊन आपोआप अल्ट्राएव्ही बसलं. ईमेल गेलेले होते म्हणतात, पण बऱ्याच लोकांनी सकाळी मशीन चालू केलं तर आपण कधी न ऐकलेलं अँटिव्हायरस आत येऊन बसलेलं, त्यांना वाटलं हाच व्हायरस.

असो, परत सिमँटेककडे. १९९९ मध्ये आयबीएममधून जॉन थॉम्प्सन आले आणि त्यांनी आधी घराची साफसफाई केली, सिक्युरिटीशी संबंध नसलेला माल विकून टाकला, आणि मग कंपन्यांना लागणारी सिक्युरिटी घ्यायला सुरुवात केली. २००० मध्ये ॲक्सेंट, ९७.५ कोटी डॉलरचे शेअर देऊन. २००२ मध्ये एका दमात रिपटेक, रिकोर्स, सिक्युरिटीफोकस. २००४ मध्ये ब्राइटमेल, ३७ कोटी डॉलर, स्पॅम अडवणारं. हा काळ माझ्या दृष्टीने त्यांचा सगळ्यात शहाणपणाचा, कारण घेतलेली प्रत्येक गोष्ट त्याच गिऱ्हाइकाला विकता येत होती. ज्याने अँटिव्हायरस घेतलंय त्यालाच फायरवॉल, त्यालाच स्पॅम फिल्टर. विकणारा माणूस एक, घेणारा माणूस एक, बिल एक.

आणि मग डिसेंबर २००४ मध्ये जाहीर झालं व्हेरिटास. १३.५ अब्ज डॉलर, सगळं शेअरमध्ये, जुलै २००५ मध्ये पूर्ण. व्हेरिटास म्हणजे बॅकअप आणि स्टोरेज, पुण्यात तिचं मोठं ऑफिस होतं, तेव्हा पुण्याला शिकलेल्या आमच्याकडच्या पोरांना व्हेरिटासमध्ये लागलो हे सांगण्यात केवढी ऐट असायची. तर सिक्युरिटीच्या कंपनीला बॅकअप कशाला हवं? कारण भीती. मायक्रोसॉफ्टने २००३ मध्ये रोमानियाची जीकॅड नावाची अँटिव्हायरस कंपनी घेतली होती आणि सगळ्यांना दिसत होतं की आज ना उद्या विंडोजमध्येच अँटिव्हायरस येणार. ती भीती चुकीची नव्हती म्हणा, २००६ मध्ये वनकेअर आलं, २००९ मध्ये सिक्युरिटी एसेन्शियल्स फुकट, आणि २०१२ ला विंडोज ८ मध्ये डिफेंडर आतच. पण भीतीने केलेली खरेदी ती. भाषणात ऐकायला मस्त होतं, माहिती सुरक्षितही आम्ही ठेवू आणि उपलब्धही आम्ही ठेवू. प्रत्यक्षात बँकेत सिक्युरिटीचा निर्णय घेणारा माणूस वेगळा आणि स्टोरेज घेणारा वेगळा, बजेट वेगळं, टेंडर वेगळं, स्पर्धक वेगळे. एकाला विकायला गेलेला सेल्समन दुसऱ्याला ओळखतसुद्धा नाही.

घेताना जो जास्तीचा भाव दिलेला असतो तो हिशोबात गुडविल म्हणून लिहितात. २००८ ची मंदी आली, शेअर पडला आणि सिमँटेकला ७ अब्ज डॉलरहून जास्त गुडविल पुसून टाकायला लागलं, त्या आर्थिक वर्षात कंपनी अब्जावधी डॉलरच्या तोट्यात दिसली. शेवटी व्हेरिटास वेगळी काढून कार्लाइल या गुंतवणूकवाल्या गटाला विकली, आधी ८ अब्ज ठरलेले, मग घासाघीस होऊन ७.४ अब्ज, जानेवारी २०१६ मध्ये व्यवहार पूर्ण. दहा वर्षं सांभाळून जवळपास अर्ध्या भावात. मधल्या काळात साहेब किती बदलले बघा, एनरिक सेलम २०१२ मध्ये गेले, स्टीव्ह बेनेट २०१४ मध्ये गेले, मायकल ब्राऊन २०१६ मध्ये, ग्रेग क्लार्क २०१९ मध्ये. प्रत्येक नवा साहेब नवी दिशा घेऊन येणार, आधीच्याने घेतलेलं निम्मं विकणार आणि स्वतःचं काहीतरी घेणार. दर दोनतीन वर्षांनी मालाची नावं, पार्ट नंबर, रिन्यूअलचं पोर्टल बदलत राहिलं की खालचा डीलर वैतागतो आणि गिऱ्हाइकाला सरळ दुसरा माल देतो, हे वरच्या लोकांच्या हिशोबात कधी येत नाही.

एक खरेदी मात्र वेगळ्याच कारणाने फसली आणि ती सांगण्यासारखी आहे. वेबसाईटवर कुलूप दिसतं ना, त्यामागे जे सर्टिफिकेट असतं ते देण्याचा व्हेरिसाईनचा धंदा २०१० मध्ये १.२८ अब्ज डॉलरला घेतला. नॉर्टनच्या पिवळ्या गोलातली ती बरोबरची खूण आहे ना, ती मूळची व्हेरिसाईनची, या खरेदीतून आलेली. आता सर्टिफिकेट म्हणजे काय तर नुसता विश्वास, ब्राउझरने मानलं तर किंमत, नाही तर शून्य. यांनी काही ठिकाणी तपासणीचं काम बाहेरच्या भागीदारांवर सोडलेलं होतं, त्यात गडबडी सापडल्या, २०१७ मध्ये गूगलने जाहीर केलं की क्रोम यांची जुनी सर्टिफिकेटं टप्प्याटप्प्याने मानणार नाही, आणि त्याच वर्षी तो धंदा डिजिसर्ट या सर्टिफिकेटच्याच धंद्यातल्या कंपनीला साधारण ९५ कोटी डॉलर रोख आणि थोडी हिस्सेदारी घेऊन देऊन टाकायला लागला. गिऱ्हाइकांची यादी होती, रिन्यूअल होतं, सगळं होतं, पण रोजचं काम नीट बघायला माणूस नव्हता.

असंच अव्हास्टच्या बाबतीत सीक्लीनरचं, मशीनमधला कचरा साफ करणारा तो प्रोग्रॅम. ही गोष्ट मी सगळ्यांना सांगतो कारण सीक्लीनर आपल्याकडे ज्याच्या त्याच्या मशीनवर असतं. अव्हास्टने जुलै २०१७ मध्ये सीक्लीनर बनवणारी पिरिफॉर्म घेतली, आणि सप्टेंबरात उघड झालं की ऑगस्टमध्ये कंपनीच्या स्वतःच्या साईटवरून, स्वतःच्या सहीनिशी बाहेर पडलेल्या व्हर्जनमध्ये व्हायरस आहे, २२ लाखांहून जास्त मशीनवर ते गेलेलं. तपासात निघालं की चोर पिरिफॉर्मच्या नेटवर्कमध्ये त्याच वर्षीच्या मार्चमध्येच शिरलेले होते, म्हणजे व्यवहार होण्याच्या आधी. अँटिव्हायरस कंपनीने कंपनी घेतली आणि बरोबर चोरही घेऊन आली! खरेदीच्या आधी वकील सगळी कागदपत्रं तपासतात, चार्टर्ड अकाउंटंट वह्या तपासतात, सर्व्हर कोणी तपासतं की नाही देव जाणे. आणि चोरांना २२ लाख लोकांशी काही देणंघेणं नव्हतं, त्यातून मोठमोठ्या टेक कंपन्यांची मोजकी मशीन निवडून तिथेच पुढचा माल उतरवला होता.

अव्हास्टचं आणखी एक, जम्पशॉट नावाची त्यांची उपकंपनी होती, युजर कुठल्या साईटवर जातात ती माहिती विकायची. जानेवारी २०२० मध्ये बोभाटा झाला तेव्हा बंद केली, आणि २०२४ मध्ये अमेरिकेच्या एफटीसीने, म्हणजे ग्राहकांची फसवणूक बघणाऱ्या सरकारी संस्थेने, १.६५ कोटी डॉलर भरायला लावले. तोवर अव्हास्ट जेनच्या घरात आलेली. घेतलेल्या कंपनीची जुनी पापंसुद्धा खरेदीदाराच्याच खात्यात जमा होतात.

सिमँटेकचा शेवट मग पटापट झाला. २०१६ मध्ये ब्लू कोट ही कंपन्यांना नेटची सिक्युरिटी विकणारी कंपनी ४.६५ अब्जाला, आणि ब्लू कोटचाच साहेब सिमँटेकचा साहेब झाला, मग लाइफलॉक २.३ अब्जाला, ती व्हायरसची नव्हे तर अमेरिकेत लोकांच्या नावावर कोणी परस्पर कर्ज काढू नये म्हणून लक्ष ठेवणारी सेवा. २०१९ मध्ये कंपन्यांना विकायचा सगळा धंदा, सिमँटेक या नावासकट, चिप बनवणाऱ्या ब्रॉडकॉमला १०.७ अब्ज डॉलरला दिला आणि उरलेल्या घरगुती धंद्याचं नाव नॉर्टनलाइफलॉक ठेवलं. ब्रॉडकॉमचं धोरण उघड होतं, जगातली सगळ्यात मोठी काही हजार गिऱ्हाइकं तीच आपली. मग आपल्यासारख्या २०-२५ मशीनवाल्यांनी समजून घ्यायचं. आणि नॉर्टनलाइफलॉकने परत तेच केलं जे १९९४ मध्ये केलं होतं, स्पर्धकाच्या रिन्यूअल होणाऱ्या याद्या घेत सुटले, अविरा, अव्हास्ट. २०२५ मध्ये मनीलायन नावाची पैशांच्या ॲपवाली कंपनीपण घेतली, आता ते कुठल्या बाजूला जातंय, ब्राइटमेलच्या की व्हेरिटासच्या, ते मला अजून दिसत नाही, पण माझी नजर संशयाचीच आहे.

नॉर्टनची जुनी स्पर्धक मॅकॅफी, तिचं लांबवत नाही. चिपवाल्या इंटेलने २०१० मध्ये ७.६८ अब्जाची बोली लावून २०११ मध्ये घेतली, चिपमध्येच सिक्युरिटी घालू म्हणत होते, ते काही जमलं नाही, आणि २०१७ मध्ये ४.२ अब्जाच्या हिशोबाने निम्म्याहून जास्त हिस्सा टीपीजी नावाच्या गुंतवणूकवाल्यांना देऊन मोकळे झाले. पुढे तिचे दोन तुकडे झाले, कंपन्यांचा धंदा वेगळा जाऊन फायरआय या दुसऱ्या सिक्युरिटी कंपनीशी मिसळला आणि ट्रेलिक्स झाला, घरगुती मॅकॅफी नावाने राहिली. म्हणजे बाहेरच्या धंद्यातला मालक आला की काय होतं त्याचंच दुसरं उदाहरण.

आपल्या देशातलं बघायचं तर सायबरोम. अहमदाबादच्या एलिटकोअरची फायरवॉल, आपल्याकडच्या कॉलेजांत आणि हॉटेलांत भरपूर बसलेली, २०१४ मध्ये इंग्लंडच्या सोफोसने घेतली. सोफोसला हवं होतं तंत्र, तिथली माणसं आणि इकडचं डीलरचं जाळं. सायबरोम नाव काही वर्षं चाललं आणि मग सगळ्यांना सोफोसच्या फायरवॉलवर जा म्हणून सांगण्यात आलं. हे काही वाईट झालं असं मी म्हणत नाही, तंत्र पुढे वापरलं गेलं, पण डबा बदलायचा खर्च गिऱ्हाइकाचा. पुढे २०२० मध्ये सोफोसलाच थोमा ब्राव्हो नावाच्या गुंतवणूकवाल्यांनी ३.९ अब्जाला घेतली, आणि २०२५ मध्ये सोफोसने सिक्युअरवर्क्स ही आणखी एक सिक्युरिटी कंपनी घेतली. साखळी चालूच.

याच्या अगदी उलट क्विक हील. रहिमतपूरचे कैलाश काटकर, पुण्यात कॅल्क्युलेटर आणि कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान, धाकटे भाऊ संजय यांनी दुकानात येणाऱ्या मशीनचे व्हायरस काढायला प्रोग्रॅम लिहिले आणि त्याचं अँटिव्हायरस झालं. ही कंपनी खरेदी करून वाढली नाही, तालुक्याच्या गावातल्या दुरुस्तीवाल्याला डीलर करून वाढली, २०१६ मध्ये ३२१ रुपये भावाने शेअर बाजारात आली. कणकवली, लांजा, गुहागर कुठेही जा, मशीन फॉरमॅट करणारा पोरगा डब्बा हातात घेऊनच उभा असायचा. दोन्ही रस्त्यांनी वाढता येतं, फक्त या रस्त्याने हळू आणि डीलर दुखावून चालत नाही.

आता तुमच्या कामाचं. मी स्वतः गिऱ्हाइकाला ३ वर्षांचं घ्या म्हणतो का? कंपनीवर अवलंबून. जिचा मालक गेल्या दोन वर्षांत बदललाय किंवा बदलणार अशी बातमी आहे, तिचं १ वर्षाचंच. लायसन्सचे पैसे बुडत नाहीत शक्यतो, नवा मालक मुदतीपर्यंत चालवतोच, पण माल बदलतो, कन्सोल (सगळ्या मशीनचं अँटिव्हायरस एका जागेवरून बघायचं पान) बदलतो आणि तुम्ही अडकून पडता. ३ वर्षांत वाचतात किती ते भागाकार करून बघा, वर्षाला मशीनमागे शेदोनशे वाचत असतील तर सोडून द्या. मालक स्थिर असेल, तालुक्यात सपोर्टला येणारा माणूस असेल, तर ३ वर्षांचं घ्यायला हरकत नाही. डीलर मागे लागलाय कारण त्याला ३ वर्षांचं कमिशन आज हवंय, मीही डीलर आहे, मला माहितीये. आणि एक ओळखायची खूण सांगतो, नव्या मालकाकडे त्याच कामाचं दुसरं उत्पादन आधीच असेल तर दोनपैकी एक मरणार, तुमचं कुठलं आहे ते बघून ठेवा. नाव राहिलं तरी आतलं इंजिन जाऊ शकतं, अव्हास्ट-एव्हीजीसारखं.

मालक बदलल्यावर एक गोष्ट हमखास होते जी कोणी सांगत नाही. अपडेटचे सर्व्हर बदलतात. तुमच्या फायरवॉलमध्ये शाखांना ठरावीक साईटच उघडतील असं केलेलं असेल, आणि पतसंस्थेत तसंच असायला हवं, तर नवीन पत्ते तिथे टाकले नाहीत तर अपडेट गपचूप बंद पडतं. वर हिरवी खूण काही दिवस दिसत राहते. पावसाळ्यात तर अजून घोळ, लाईन तुटलेली असते, शाखा डोंगलवर चालते, अपडेट येत नाही म्हणून सगळे नेटला दोष देत बसतात आणि कारण वेगळंच असतं. कन्सोलमध्ये शेवटच्या अपडेटची तारीख असते, ती आठवड्यातून एकदा बघायची सवय लावा, रंगावर जाऊ नका.

दुसरं, नाव बदललं की भामट्यांचं फावतं. "तुमचं नॉर्टन रिन्यू झालं, एवढे पैसे कापले, नको असेल तर या नंबरवर फोन करा" असले मेल सर्रास फिरतात, आणि मग फोनवर मशीनचा ताबा मागतात. कंपनीचं नाव खरोखरच बदललेलं असलं की क्लार्कला खरं काय खोटं काय कळत नाही. संस्थेत एकच माणूस ठरवा, रिन्यूअलचं काहीही आलं तर त्यालाच दाखवायचं, बाकी कोणी फोन उचलून बोलायचं नाही. चेअरमनसाहेबांच्या नॉर्टनला ऑटो रिन्यूअल चालू असेल आणि त्यांचं कार्ड जोडलेलं असेल तर ते आजच बघा, पहिल्या वर्षाची सवलत संपली की दुसऱ्या वर्षी पूर्ण भाव कापला जातो.

अव्हास्ट, एव्हीजी मशीनवरून काढताना कंपनीचंच काढायचं टूल वापरा, नुसतं अनइन्स्टॉल केलं की काहीतरी मागे राहतं आणि नवीन टाकल्यावर मशीन रांगायला लागतं. एका मशीनवर दोन कधीच नकोत. सगळ्या शाखांना एकच बिझनेस व्हर्जन, मधोमध एक कन्सोल. दुसरा बंदोबस्त हवाच असेल तर तो दुसऱ्या अँटिव्हायरसने होत नाही, बॅकअपने होतो, आणि तो बॅकअप रात्री नेटवर्कपासून सुटा करून ठेवलेला हवा, नाहीतर रॅन्समवेअर, म्हणजे फाईली लॉक करून पैसे मागणारा व्हायरस, तोही लॉक करून जातं. विंडोज १० ची मशीन अजून चालू असतील तर आधी तिकडे बघा, त्याचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय, जुन्या विंडोजवर महागातलं अँटिव्हायरस टाकून काही उपयोग नाही. आणि पैसे कमीच असतील तर विंडोज ११ चा डिफेंडर नीट सेट करून, क्लार्क लोकांचं ॲडमिन लॉगिन काढून, चाललं तरी चालेल, हे मी डीलर असून सांगतोय.

बिल घेताना ते संस्थेच्या नावाने, जीएसटी नंबरसकट घ्या, आणि कन्सोलचं लॉगिन संस्थेच्या ईमेलवर उघडा. बऱ्याच ठिकाणी ते डीलरच्या जीमेलवर असतं, मग डीलर बदलला किंवा कंपनीने पोर्टल बदललं की आपलंच लायसन्स आपल्याला दिसत नाही. तुमचं कुठल्या मेलवर आहे ते उद्या उघडून बघा, आणि अडलं तर लायसन्सचा की नंबर झाकून स्क्रीनशॉट टाका, बघतो.